एक खोली, एक फोन आणि साखरेचे बेट : सुभाष गुप्ते यांचे त्रिनिदाद

१/
डिसेंबर १९६१. दिल्लीतील इम्पिरियल हॉटेल. भारतीय क्रिकेट संघातील दोन खेळाडू एकाच खोलीत उतरले होते. त्या खोलीतून हॉटेलच्या स्वागतकक्षाला एक फोन गेला. ज्याने तो फोन केला, तो पुढे पुन्हा भारताकडून कसोटी खेळला. ज्याने केला नाही, तो पुन्हा कधीच खेळला नाही. त्याचे उरलेले बहुतेक आयुष्य एका कॅरिबियन बेटावर गेले.
आजचा थ्रेड त्या माणसाविषयी, त्या बेटाविषयी आणि थोडासा माझ्याविषयीही आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी कबुली. मी हे बेट पाहिलेले नाही. माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. पासपोर्ट अजून काढलेला नाही. तरीही त्रिनिदादचा नकाशा मला पाठ आहे, आणि त्याचे कारण माझे आजोबा. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. त्यांच्या तरुणपणी तालुक्याच्या मैदानावर ते लेगस्पिन टाकत. त्यांच्या तोंडी दोनच गोलंदाजांची नावे असत. एक सुभाष गुप्ते, आणि दुसरे ते स्वतः.

३/
एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी एका मोठ्या शहरात वसतिगृहात राहत होते. एका रात्री माझी खोलीसोबतीण हजेरीच्या वेळी परतली नाही. मी अभ्यासिकेतून आले, सही केली आणि झोपले. सकाळी आम्हा दोघींना कार्यालयात बोलावले. मला एकच प्रश्न विचारण्यात आला : तू आम्हाला आधी का कळवले नाहीस? मला काही ठाऊकच नव्हते, हे उत्तर कोणी लिहून घेतले नाही. आठवड्याच्या आत दोघींनाही खोली सोडण्याचे पत्र मिळाले. आमच्याकडच्या मुलीच्या दृष्टीने वसतिगृह सुटणे म्हणजे बहुधा शिक्षणच सुटणे. घरून फोन आला : सामान घे आणि ये.

४/
एसटीने गावी पोहोचले तेव्हा कोणी काही बोलले नाही, आणि ते न बोलणे बोलण्यापेक्षा जड होते. संध्याकाळी आबाजींनी ओसरीवर बोलावले. म्हणाले, “काहून वं पोरी, खोली एक होती म्हून गुन्हा बी एक होते का?” मग त्यांनी मला गुप्त्यांची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या संध्याकाळी ती क्रिकेटची गोष्ट राहिली नाही. त्यानंतर मी त्या गोष्टीचा पुराव्यानिशी माग काढू लागले. आबाजींचे काय बरोबर निघाले आणि काय चुकले, तेही पुढे सांगते.

५/
प्रथम माणूस. सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते, जन्म ११ डिसेंबर १९२९, मुंबई. ३६ कसोटी सामन्यांत १४९ बळी. डिसेंबर १९५४ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी मुंबईकडून खेळताना एका पाकिस्तानी संघाविरुद्ध डावातील सर्व दहा बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये असे करणारे ते पहिले भारतीय. चेंडूला उंची देणे, तो हवेत लटकत ठेवणे आणि मग वळवणे, ही त्यांची रीत. गॅरी सोबर्स यांनी आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत त्यांना शेन वॉर्नच्याही वर ठेवले होते. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर यांच्या आधीचा भारतीय फिरकीचा पहिला मोठा अध्याय म्हणजे विनू मांकड आणि गुप्ते.

६/
आता बेट. ‘वेस्ट इंडिज’ नावाचा देश नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ती ब्रिटिशांच्या वसाहती असलेली निरनिराळी बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील गयाना. क्रिकेटचा संघ एक, बाकी सगळे वेगळे. आकाराची कल्पना यावी म्हणून आपल्याकडचे माप लावू. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. त्रिनिदाद पावणेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे जिल्ह्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. बार्बाडोस तर अवघे ४३० चौरस किलोमीटर. आमच्या सरासरी तालुक्याच्या निम्मे. सोबर्स, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे सगळे त्या अर्ध्या तालुक्यातून आले.

७/
बेटे लहान, पण मधले पाणी मोठे. जमैका ते त्रिनिदाद हे अंतर सुमारे अठराशे किलोमीटर आहे; नागपूरहून रेल्वेने मुंबईला जाऊन परत यावे त्याहून जास्त. १९५३ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच या बेटांच्या दौऱ्यावर गेला. पाच कसोटी : दोन त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला, एक बार्बाडोसला, एक गयानात जॉर्जटाऊनला, एक जमैकात किंग्स्टनला. महिनोन् महिने घराबाहेर, पत्र पोहोचायला आठवडे. संघात मराठी मुले बरीच होती : स्वतः हजारे, माधव आपटे, विजय मांजरेकर, दत्तू फडकर, आणि तेवीस वर्षांचे गुप्ते.

८/
पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदान डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. अत्यंत देखणे, पण १९५३ मध्ये तेथे गवताची खेळपट्टी नव्हती. कसोटी सामने तागाच्या मॅटिंगवर होत. हे वाचले तेव्हा मी आबाजींना तडक फोन केला. कारण आमच्या तालुक्याच्या मैदानावरही तेच होते : सकाळी मुरूम चोपायचा, वर मॅट अंथरायची, चारही बाजूंनी खिळे ठोकून ती ताणायची. मॅट सैल राहिली तर चेंडू सरपटतो आणि ताणलेली असली तर चावतो, हे आबाजींचे ज्ञान. फलंदाज मॅट सैल ठेवायला सांगत आणि गोलंदाज खिळ्यावर अजून एक घाव घालत. पोर्ट ऑफ स्पेन आणि दारव्हा यांच्यातील एवढे साम्य मला कोणत्याही ग्रंथात सापडले नसते.

९/
त्या ताणलेल्या मॅटवर गुप्ते यांनी पहिल्याच कसोटीत एका डावात सात बळी घेतले; पाच कसोटींत एकूण २७. समोर वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तीन ‘डब्ल्यू’ होते, हे लक्षात घ्यावे. मालिका भारताने ०–१ अशी गमावली, पण बेटांवरच्या लोकांनी या सडपातळ मुलाला आपले मानले. त्रिनिदादचा स्वतःचा एक लेगस्पिनर होता, विल्फ फर्ग्युसन. त्याच्यावरून गुप्ते यांचे नाव पडले ‘फर्गी’. पाहुण्याला घरच्या माणसाचे नाव मिळाले. ते त्यांना आयुष्यभर चिकटले.

१०/
याच मालिकेतील एक उपकथा. माधव आपटे यांनी पाच कसोटींत ४६० धावा केल्या. त्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या नाबाद १६३. त्यानंतर ते एकही कसोटी खेळले नाहीत. सात कसोटी, सरासरी ४९ च्या वर, आणि दार बंद. म्हणजे निवड होणे, न होणे आणि त्याचे कारण न कळणे, ही गोष्ट १९६१ मध्ये सुरू झाली नव्हती. एखाद्या घटनेला ‘अपवाद’ म्हणण्यापूर्वी तिच्या आधीची दहा वर्षे चाळावीत, हा आमच्या विषयातला पहिला धडा.

११/
आता मोठा प्रश्न : त्या दूरच्या बेटावर भारतीय संघाचे एवढे अगत्य कोणाला होते? उत्तर साखरेत आहे. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली आणि १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नावाखाली चाललेली सक्तीही संपली. उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते भारतातून करार करून नेण्यात आले. ‘ॲग्रिमेंट’चे लोकांनी केले ‘गिरमिट’. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन त्रिनिदादला पोहोचले. कलकत्त्याहून आफ्रिकेला वळसा घालून, सुमारे साडेतीन महिन्यांनी.

१२/
१८४५ ते १९१७ या काळात एकट्या त्रिनिदादला सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय गेले. १८६६ पासून त्यांना आधी पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या नेल्सन नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरवीत. तेथे आरोग्यतपासणी, विश्रांती, नोंद, आणि मग मळ्यांवर वाटप. कॅरिबियन बेट म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू आणि नारळाची झाडे येतात. त्या माणसांनी पाहिलेले पहिले कॅरिबियन बेट म्हणजे हा खडक : रांग, तपासणी आणि कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले नाव.

१३/
इथे थोडे थांबून आपल्या मातीकडे पाहू. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग आमच्या काळ्या जमिनीला एकदम भाव आला. पुढे जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली आणि कापूस वाहून नेण्यासाठी यवतमाळ–मूर्तिजापूर ही नॅरोगेज रेल्वे आली, आपली ‘शकुंतला’. त्रिनिदादला उसाचे बेट करणारी आणि यवतमाळला कापसाचा जिल्हा करणारी बाजारपेठ एकच होती. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स हे मुळात इतिहासकार. त्यांचा १९४४ चा ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हा ग्रंथ हाच धागा उलगडतो. पुढे ते त्या देशाचे पहिले पंतप्रधान झाले.

१४/
मग या जहाजांवर मराठी माणसे होती का? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्रिनिदादला जाणारी जहाजे प्रामुख्याने कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून सुटत. त्यामुळे तेथे पोहोचले ते बहुतांशी भोजपुरी-अवधी पट्ट्यातले आणि काही दक्षिणेकडचे लोक. मराठी गिरमिटिये मुंबई बंदरातून गेले ते मॉरिशसला, मुख्यतः कोकणातून. म्हणून मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, गणेशोत्सव आहे, शाळांत मराठी आहे. त्रिनिदादमध्ये तसे काही नाही. गुप्ते तेथे राहू लागले ते एका भारतीय बेटावर, पण मराठीविना.

१५/
त्या बेटावरच्या भारतीयांनी काय जपले होते? स्वयंपाकघर तर नक्कीच. बाऱ्यावर घातलेले चण्याचे कालवण तेथे ‘डबल्स’ या नावाने रस्त्यावर विकतात. भरडलेली डाळ भरून केलेली ‘दालपुरी’ म्हणजे जणू गूळ न घातलेली पुरणपोळी. भजने, रामायणाचे पाठ, मोहरमचा ‘होसे’. आणि १९५० पासून एक अभिमानही : सॉनी रामाधीन, वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याच्या जन्मनोंदीत नावच नव्हते, नुसते ‘मुलगा’ असे लिहिले होते. इंग्लंडच्या दौऱ्यावर आद्याक्षरे हवीत म्हणून त्याला के. टी. अशी दोन अक्षरे चिकटवण्यात आली. नोंदवहीतला कारकून शंभर वर्षांनीही तसाच होता.

१६/
अशा लोकांपुढे १९५३ मध्ये खुद्द भारताचा, स्वतंत्र भारताचा संघ येऊन उभा राहिला. ज्यांच्या आजोबांना परतीचे जहाज मिळाले नाही किंवा ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यासाठी तो केवळ क्रिकेटचा संघ नव्हता. त्या दौऱ्यात दक्षिणेकडील सॅन फर्नांडो या शहरात गुप्ते यांची कॅरल यांच्याशी ओळख झाली. त्या त्याच बेटावरच्या, भारतीय वंशाच्या. पुढे दोघांनी विवाह केला. पूर्वजांनी जहाजाने तोडलेले एक नाते असे चेंडूच्या निमित्ताने उलट बाजूने जोडले गेले.

१७/
डिसेंबर १९५८, कानपूर. वेस्ट इंडिजच्या पहिल्या डावात गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. दहावा बळी वसंत रांजणे यांना मिळाला. आबाजी तेव्हा तेरा वर्षांचे. बाजारातल्या किराणा दुकानात रेडिओ होता, समालोचन इंग्रजीत होते आणि ते कळणारे एकटे हेडमास्तर. ते ऐकून मराठीत सांगत, आणि दुकानदार तोवर कोणाला साखर तोलून देत नसे. सामना भारताने २०३ धावांनी गमावला. हे मात्र आबाजींनी मला कधी सांगितले नव्हते. ते मला धावफलकावरून कळले.

१८/
तीन वर्षांनी, डिसेंबर १९६१, पुन्हा कानपूर. समोर इंग्लंड. गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि भारताविरुद्ध फॉलोऑन घेण्याची वेळ इंग्लंडवर प्रथमच आली. पुढची कसोटी दिल्लीला. तेथे इम्पिरियल हॉटेलात गुप्ते आणि ए. जी. कृपाल सिंग एका खोलीत होते. कृपाल सिंग यांनी स्वागतकक्षातील कर्मचारी स्त्रीला फोन केला आणि सोबत पेयपानाला येण्याविषयी विचारले. तिने तक्रार केली. ती संघाच्या व्यवस्थापकाकडे आणि तेथून क्रिकेट मंडळाकडे गेली.

१९/
फोन कोणी केला याविषयी वाद नव्हता. तरी खोली दोघांची म्हणून कारवाई दोघांवर. गुप्ते यांना विचारण्यात आले असे सांगतात ते एवढेच : तुम्ही त्याला थांबवले का नाही? दोघांनाही १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातून वगळले. इंग्लंडविरुद्धची ती मालिका भारताने २–० अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध भारताचा तो पहिलाच मालिकाविजय. त्यात शेवटी गुप्ते नव्हते. आणि ज्या बेटावर पत्नीचे माहेर, जेथे लोक त्यांना ‘फर्गी’ म्हणत, तेथे भारतीय संघ त्यांच्याविना गेला.

२०/
त्या १९६२ च्या दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला जीवघेणी इजा झाली. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते. एकवीस वर्षांच्या पतौडींकडे नेतृत्व आले. गुप्ते तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, लेगस्पिनरच्या ऐन बहराचे वय. कृपाल सिंग पुढे १९६४ मध्ये पुन्हा भारताकडून कसोटी खेळले. गुप्ते कधीच नाही.

२१/
आता आबाजींची गोष्ट आणि नोंदी समोरासमोर ठेवते. आबाजी सांगत की गुप्त्यांनी त्याच दिवशी रागाने देश सोडला. तसे झाले नाही. दिल्लीच्या प्रसंगानंतरही काही काळ ते रणजी करंडकात राजस्थानकडून खेळत होते. शिवाय त्रिनिदादशी त्यांचे नाते अपमानातून नव्हे, विवाहातून आधीच जडले होते. आयुष्यातले मोठे निर्णय क्वचितच एका कारणाने होतात. ‘हद्दपारी’ म्हटले की गोष्ट रंगते; पण कॅरल यांचे घर, त्यांची माणसे, त्यांची इच्छा त्या शब्दात पुसली जाते. अन्याय खरा होता. स्थलांतर केवळ अन्यायाचे फळ नव्हते. ही दोन्ही विधाने एकत्र धरून ठेवणे अवघड असते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके तेच करायचे असते.

२२/
दुसरी गोष्ट अधिक अवघड. मी वाचलेल्या प्रत्येक कथनात मंडळ बोलते, खेळाडू बोलतात, पत्रकार बोलतात. फोन उचलणारी ती स्त्री बोलत नाही. तिला नाव नाही, तिचे शब्द नाहीत. अनेकदा तिच्या तक्रारीला ‘क्षुल्लक’ म्हटले जाते. गुप्ते निर्दोष होते याचा अर्थ तिची तक्रार खोटी होती असा होत नाही. १९६१ मध्ये हॉटेलात नोकरी करणाऱ्या मुलीने पाहुण्याविरुद्ध तक्रार करणे सोपे नसणार. आपल्या आवडत्या नायकाची बाजू घेताना आपण दुसऱ्या कोणाला तर खोलीबाहेर काढत नाही ना, हे पाहावे लागते.

२३/
हे मी फार शहाणपणाने शोधले असे नाही. त्या संध्याकाळी ओसरीवर मी माझ्या खोलीसोबतिणीविषयी बरेच काही बोलले. माझे वर्ष तिच्यामुळे गेले, ही माझी खात्री होती. आबाजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तुलं कोनं ऐकलं नाही, खरं. पन तिचं कोनं ऐकलं का? तू तरी ऐकलं का?” मी ऐकले नव्हते. आठ महिने एका खोलीत राहिलो होतो आणि पत्र मिळाल्यावर मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. दोन दिवसांनी फोन केला. ती त्या रात्री कोठे होती आणि का, ते तिने सांगितले. ते इथे सांगण्याचा अधिकार माझा नाही. एवढेच म्हणते की मी तिच्या जागी असते तर मीही हजेरी चुकवली असती.

२४/
बेटावरचे गुप्ते. ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि तेथील साखर उद्योगात नोकरी करू लागले. हा योगायोग मला विलक्षण वाटतो : गिरमिटिये ज्या उसासाठी आणले गेले, त्याच उसाच्या आधाराने हा मुंबईकर तेथे राहिला, मात्र स्वतःच्या इच्छेने. ऑगस्ट १९६२ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगो स्वतंत्र झाले होते. नव्या देशात, बेटावरच्या क्लब क्रिकेटमध्ये ते गोलंदाजी करत राहिले.

२५/
मार्च १९७१. अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवले, आणि कोठे, तर पोर्ट ऑफ स्पेनलाच. गोव्याचे दिलीप सरदेसाई यांचे शतक, आणि पदार्पण करणारे सुनील गावसकर : ६५ आणि नाबाद ६७. त्या मालिकेत गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादी गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. जे दार १९६२ मध्ये गुप्ते यांच्यासाठी लागले, ते मुंबईच्या पुढच्या पिढीसाठी त्याच बेटावर असे उघडले.

२६/
पुढे भारतीय क्रिकेट मंडळाने गुप्ते यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. नायडू मूळचे आपल्या नागपूरचे. पुरस्कार मिळाला, १९६१ चा निर्णय मात्र आपल्या जागी राहिला. एप्रिल २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी पोर्ट ऑफ स्पेनला शतक करून ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी बरोबरी केली. सुमारे सहा आठवड्यांनी, ३१ मे २००२ रोजी, त्याच शहरात गुप्ते यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या दिवशी, ३० मे रोजी, त्रिनिदादमध्ये ‘भारतीय आगमन दिन’ पाळला जातो, त्या पहिल्या जहाजाच्या आठवणीने.

२७/
ते शेवटची वर्षे मराठी कोणाशी बोलत असतील, असा प्रश्न मला अनेकदा पडतो. स्वप्ने कोणत्या भाषेत पडत असतील? याचे उत्तर कोणत्याही धावफलकात मिळत नाही. लहान बेटावरचे जगणे म्हणजे कदाचित हेच : सगळे तुम्हाला ओळखतात, पण तुमच्या लहानपणाला कोणी ओळखत नाही.

२८/
माझे काय झाले? वसतिगृह परत मिळाले नाही. आबाजींनी वडिलांना समजावले, आणि मी शहरात एका काकूंकडे खोली भाड्याने घेऊन एम.ए. पुरे करते आहे. त्या खोलीत आम्ही दोघी राहतो. मी आणि तीच. भाडे अर्धे अर्धे. तिच्या वेळा तिच्या, माझ्या माझ्या. ती उशिरा आली तर मी दार उघडते आणि आधी चहा ठेवते. विचारायचे असेल ते नंतर विचारते.

२९/
एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे अशी एखादी गोष्ट नक्की असेल, थोडी चुकलेली, थोडी फुगवलेली. ती आधी पूर्ण ऐका, तारीख-वारासह लिहून घ्या, आणि मगच तपासा. चूक सापडली तर हसू नका. त्यांनी ती चूक का जपली, तेही विचारा. आबाजींना मी सांगितले की गुप्ते त्याच दिवशी देश सोडून गेले नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मंग बरं झालं. मले वाटे, एकटाच गेला होता.”